तळाशी राहणाऱ्यांचं जेवण

"हे दोन घेऊन जा, टाकी साफ ठेवतात. यांना वेगळं खायला घालावं लागत नाही."

मुंबईतलं क्रॉफर्ड मार्केट असो की तालुक्याच्या गावातलं एखादं लहानसं दुकान, पहिल्यांदा मत्स्यपेटी घेणाऱ्याच्या कानावर हे वाक्य पडतंच. रंगीत मासे निवडून झालेले असतात. पिशवीत पाणी भरून तोंडाला रबरबँड लागत असतो. मग दुकानदार कोपऱ्यातल्या टाकीत जाळी घालतो आणि तळाशी वाळू हुंगत फिरणारे दोन मिशाळ मासे बाहेर काढतो. कधी ते चिलखत घातल्यासारखे दिसणारे कोरिडोरस असतात, कधी काचेला तोंड चिकटवून बसलेले 'सकर', तर कधी बोटाच्या पेराएवढे ओटोसिंक्लस. नावं वेगळी असली तरी काम एकच सांगितलं जातं : सफाई.

महिन्याभरात त्यातले बरेच मरतात. रंगीत मासे मेले तर आपण पाण्याला, औषधाला किंवा दुकानदाराला दोष देतो. तळातला मासा मेला तर तो कधी मेला हेही दोन दिवस कळत नाही. मेल्यावर नीट पाहिलं तर बऱ्याचदा पोट खपाटीला गेलेलं असतं. म्हणजे मासा उपाशी मेलेला असतो, आणि तेही खाऊ घालणाऱ्या घरात.

दुकानदाराचं ते वाक्य त्याचं स्वतःचं नाही. त्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. हा लेख त्या वाक्याचा इतिहास आहे.

गोगलगायीची जागा

सुरुवात लंडनमध्ये, 1850 साली. रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ. औषधविक्रेत्यांच्या 'अपोथेकरीज हॉल'मध्ये नोकरीला होता. बंद पाण्यात मासे जगवायचे असतील तर पाणी सतत बदलावं लागतं, हे तोपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. वॉरिंग्टनला प्रश्न पडला तो असा : मासा प्राणवायू घेतो, वनस्पती प्राणवायू सोडते, मग दोघांना एकत्र ठेवलं तर पाणी न बदलता चालेल का?

त्यानं बारा गॅलनचं काचेचं भांडं घेतलं. त्यात दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली. थोडे दिवस बरे गेले. मग वनस्पतीची जुनी पानं सडायला लागली, काचेवर बुळबुळीत हिरवा थर आला आणि पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टननं तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून भांड्यात सोडल्या. गोगलगायींनी सडकी पानं आणि तो थर खाल्ला. त्यांनी घातलेली अंडी माशांनी खाल्ली. पाणी पुन्हा स्वच्छ झालं. त्याच वर्षी त्यानं हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला.

घरातल्या मत्स्यपेटीचा जन्म साधारण इथे झाला असं मानतात. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी 'फिश हाउस' उघडलं. 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं, आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यात काचेच्या पेट्या मांडायची लाटच आली.

या प्रयोगातून एक कल्पना रुजली, ती म्हणजे 'संतुलित पेटी'. नीट मांडलेली पेटी आपली आपण चालते. त्यात एक जण मिरवतो, एक जण हवा पुरवतो आणि एक जण घाण खातो. या तिसऱ्याला वेगळं जेवण नाही, कारण घाण हेच त्याचं जेवण. वॉरिंग्टनच्या भांड्यात ही जागा गोगलगायीची होती. पुढे दक्षिण अमेरिकेतून तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश येऊ लागले, तेव्हा ही जागा त्यांच्यासाठी तयारच होती.

न गेलेल्या पाद्र्याचा मासा

यातला पहिला प्रसिद्ध मासा आला तो चार्ल्स डार्विनच्या बरण्यांमधून.

1831 मध्ये 'बीगल' जहाजावर निसर्ग-अभ्यासक म्हणून जायचं आमंत्रण डार्विनच्या आधी लिओनार्ड जेनिन्स या पाद्र्याला मिळालं होतं. आपल्या गावच्या चर्चची जबाबदारी सोडून त्याला जाता येईना. डार्विन गेला. पाच वर्षांनी तो परतला तेव्हा त्यानं जमवलेले मासे अभ्यासासाठी याच जेनिन्सकडे आले. जग बघायची संधी हुकलेल्या माणसानं घरी बसून दुसऱ्यानं पाहिलेल्या जगाची यादी केली. त्या यादीत 1842 साली एका ठिपकेदार, मिशाळ, चिलखती माशाची नोंद झाली. हा मासा पुढे 'कोरिडोरस पॅलिएटस' म्हणून जगभर गेला. कोरिडोरस या नावात ग्रीक भाषेतले 'शिरस्त्राण' आणि 'कातडी' हे शब्द आहेत. खवल्यांच्या जागी त्याच्या दोन्ही अंगांना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात.

बरणीतला मासा मेलेला होता. जिवंत मासे युरोपात आले ते त्यानंतर. 1878 मध्ये पॅरिसच्या पिएर कार्बोनिए यांनी या माशाची पिल्लं पेटीत काढली. कार्बोनिए म्हणजे मत्स्यपालनातला तेव्हाचा मोठा माणूस. 1869 मध्ये चीनमधून आलेल्या 'पॅराडाइज फिश'चं प्रजननही त्यांनीच केलं होतं. विजेचा हीटर नसलेल्या त्या काळात उष्ण कटिबंधातले मासे हिवाळ्यात मरत. पॅलिएटस हा दक्षिण अमेरिकेच्या थंड भागातला, त्यामुळे तो टिकला. आज जो मासा एप्रिल-मे महिन्यात नागपुरात किंवा पुण्यात गरम पाण्यामुळे धापा टाकतो, तो पॅरिसच्या थंडीत तग धरल्यामुळे लोकप्रिय झालेला आहे.

त्याला टिकवणारी आणखी एक गोष्ट होती. कोरिडोरस मधूनच सुर्रकन वर येतो, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतो आणि परत तळाशी जातो. ही हवा आतड्याच्या मागच्या भागात शोषली जाते. ज्या पाण्यात दुसरे मासे गुदमरतील, त्या पाण्यात हा काही काळ निभावून नेतो.

इथेच घोटाळा झाला. घाण पाण्यात तग धरणारा तो घाण आवडणारा, असा अर्थ लावला गेला. सतत वाळूत तोंड खुपसणारा तो कचरा खाणारा ठरला. खरं तर वाळूत तो अळ्या, किडे, बारीक कवचधारी जीव शोधत असतो. त्या मिशा म्हणजे त्याची जीभच आहे. माशांची विष्ठा तो खात नाही. दुसऱ्यांचं खाऊन उरलेलं तळाशी पोचलं तर खातो, पण वरच्या थरातल्या भुकेल्या माशांनी काही उरूच दिलं नाही तर? इंग्रजीतल्या हौशी मंडळींनी त्याला 'स्कॅव्हेंजर' हे नाव चिकटवलं आणि हा प्रश्नच मिटवून टाकला.

ज्यानं घाण काढायची त्यानं उरलंसुरलं खाऊन राहायचं, ही वाटणी आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे ती माणसांवर लादली गेली, आणि वाढलेलं उष्टं व हक्काचं जेवण यांतलं अंतर किती असतं हे दलित आत्मकथनांनी महाराष्ट्राला सांगितलं. माशाची आणि माणसाची तुलना इथे करायची नाही. तुलना आहे ती घरमालकाच्या नजरेची. कामाला एकदा 'सफाई' हे नाव दिलं की काम करणाऱ्याची भूक दिसेनाशी होते, ही खोड जुनी आहे आणि ती सातासमुद्रापार सारखीच आहे.

गंमत अशी की पेटी खऱ्या अर्थानं कोण साफ करतं, हे शास्त्राला एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. 1890 मध्ये सर्गेई विनोग्रादस्की यांनी अमोनियाचं रूपांतर करणारे जिवाणू वेगळे करून दाखवले. माशांच्या विष्ठेतून आणि सडक्या अन्नातून अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर राहतात. उरलेलं नायट्रेट काढायला आपल्याला दर आठवड्याला थोडं पाणी बदलावं लागतं. म्हणजे सफाई कामगार दोन : एक डोळ्यांना न दिसणारा, दुसरा बादली घेऊन उभा असलेला पेटीचा मालक. या यादीत कॅटफिश कुठेही नाही. उलट मोठा सकर इतकी विष्ठा करतो की तो आल्यावर फिल्टर वाढवावा लागतो.

रिकाम्या पोटाचा प्रवास

पॅलिएटस आज जवळजवळ सगळा पैदास केंद्रांतून येतो. पण छोट्या कॅटफिशच्या कितीतरी जाती अजूनही नदीतूनच धरून आणतात. ओटोसिंक्लस तर जवळपास सगळे.

त्यांचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. नदीचं पाणी उतरलं की हे मासे काठच्या गवतात थव्यानं जमतात. तिथे जाळ्यानं धरले जातात. मासेमाराच्या टपात काही दिवस, मग होडीनं गावच्या व्यापाऱ्याकडे, तिथून मनाउस किंवा इकितोस यांसारख्या शहरातल्या निर्यातदाराकडे. विमानात चढवण्याआधी त्यांना मुद्दाम उपाशी ठेवतात, कारण पोटात अन्न असेल तर पिशवीतलं पाणी घाण होतं आणि सगळेच मरतात. मग ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिक पिशवीत परदेशातल्या आयातदाराकडे, तिथून घाऊक बाजारात, तिथून दुकानात. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस म्हणतो, आपल्याकडे चार दिवसांचाच तर प्रश्न आहे.

मोठा शिकारी मासा आठवडाभराचा उपास सहन करतो. ओटोसिंक्लसचं तसं नाही. तो दिवसभर चरणारा प्राणी आहे, गाईसारखा. दगडावरचा, पानावरचा शेवाळ आणि सूक्ष्म जीवांचा पातळ थर खरवडत राहणं हेच त्याचं आयुष्य. तो आपल्या घरी येतो तेव्हा आधीच खंगलेला असतो. त्याला आपण काय देतो? कालच मांडलेली, चकचकीत काचेची नवी पेटी, जिच्यात शेवाळाचा कणही नाही. वर टाकलेले फ्लेक्स तळाशी पोचेपर्यंत गप्पी आणि टेट्रा त्यांचा फडशा पाडतात. 'खूप नाजूक मासा आहे, टिकत नाही' ही त्याची ख्याती अशी तयार झाली.

नावाआधी नंबर

1980 च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलच्या नद्यांमधून काचेला चिकटणाऱ्या कॅटफिशच्या इतक्या नव्या जाती युरोपात यायला लागल्या की शास्त्रज्ञांना त्यांचं बारसं करायला वेळ मिळेना. मग 'डात्स' या जर्मन मासिकानं 1988 च्या डिसेंबरात युक्ती काढली. या कुळाच्या लॅटिन नावातलं 'एल' हे अक्षर घ्यायचं, पुढे आकडा लावायचा आणि फोटो छापायचा. नाव मिळेल तेव्हा मिळेल. या यादीतला एल-46 हा मासा बघून हौशी जगाला वेड लागलं. जेमतेम बोटभर लांबीचा, पांढऱ्या अंगावर काळे पट्टे. 1991 मध्ये त्याला नाव मिळालं : हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा.

तो जगात एकाच ठिकाणी मिळतो. ॲमेझॉनला मिळणाऱ्या शिंगू नदीच्या एका मोठ्या वळणात, खडकांच्या कपारींमध्ये. स्थानिक माणसं तोंडात हवेची नळी धरून नदीच्या तळाशी जात आणि कपारींमधून ते मासे काढत. हे काम धोक्याचं होतं, पण त्यावर घरं चालत होती.

नेमक्या त्याच काळात त्या नदीवर आणखी एका गोष्टीची नजर होती. फेब्रुवारी 1989 मध्ये आल्तामिरा या गावी धरणाच्या योजनेवर सभा भरली. तुइरा या कायापो जमातीच्या तरुणीनं व्यासपीठावरच्या वीज कंपनीच्या अधिकाऱ्याच्या गालाला कोयत्याचं पातं लावलं. तो फोटो जगभर गेला आणि योजना बासनात गेली. (त्याच वर्षी सप्टेंबरात नर्मदेकाठी हरसूदला हजारो लोक जमले होते. दोन नद्यांची गोष्ट एकाच सुरात चालली होती.) पण बासनातली योजना नाव बदलून परत आली. बेलो मोंते धरणाचं बांधकाम 2011 मध्ये सुरू झालं, 2016 मध्ये पहिली वीज निघाली आणि 2019 मध्ये 11,233 मेगावॉटचा प्रकल्प पूर्ण झाला. नदीचं बरंचसं पाणी कालव्यानं वळवलं गेलं. ज्या वळणात झेब्रा राहतो, त्याच वळणातलं.

ब्राझीलनं झेब्राच्या निर्यातीवर बंदी घातली होती ती त्याच्या कितीतरी आधी. बंदी आली तशी तस्करीही आली, आणि सीमेपलीकडच्या कोलंबियातून मासे बाहेर जाऊ लागले. एकेका माशाला शेकडो डॉलर मिळत. अखेर नोव्हेंबर 2022 मध्ये पनामातल्या परिषदेत 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला.

आता मजा बघा. हा इतका महागडा मासा विकत घेऊन लोकांनी त्याला खायला काय घातलं? काकडी आणि शेवाळाच्या गोळ्या. कारण तोंड चिकटवणारा मासा म्हणजे शेवाळ खाणारा, हे वाक्य इथेही आड आलं. झेब्राचा कल मांसाहाराकडे आहे. त्याला अळ्या, कोळंबीचे बारीक तुकडे असं प्रथिनांचं खाणं लागतं. हे अनुभवानं कळल्यावर जर्मनीत आणि इतरत्र हौशी लोकांनी गुहेसारख्या मातीच्या नळ्या ठेवून त्याची पैदास सुरू केली. नर गुहेत बसून अंडी राखतो. एका वेळी पिल्लं थोडीच होतात, पण होतात. नदी आटली तरी ही जात निदान काचेत उरेल.

पण काचेत उरणं म्हणजे वाचणं का, आणि नदीत उतरणाऱ्या माणसाचं काय? ॲमेझॉनच्याच रिओ निग्रो नदीवर बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथली अनेक कुटुंबं छोटे शोभेचे मासे धरून जगत आली. मासे हवेत तर किनाऱ्यावरचं पुराचं जंगल हवं, म्हणून जंगल राखणं त्यांच्या फायद्याचं होतं. 'मासा घ्या, झाड वाचवा' हे तिथल्या एका प्रकल्पाचं ब्रीदवाक्य याच अनुभवातून आलं. आशियातल्या आणि फ्लोरिडातल्या शेततळ्यांत तेच मासे स्वस्तात वाढायला लागले आणि बार्सेलोसची मागणी घटली. म्हणजे 'रानातून धरलेला मासा वाईट, पैदाशीचा चांगला' इतकं हे सोपं नाही. झेब्राच्या बाबतीत पैदाशीचा घेणंच योग्य. रिओ निग्रोच्या माशाच्या बाबतीत उत्तर उलट असू शकतं. मासा कुठून आला, हा प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आपल्या नदीतली गोष्ट

हा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही. 1997 मध्ये सिंगापूरच्या प्रदर्शनात पश्चिम घाटातल्या लाल रेषेच्या एका माशाला बक्षीस मिळालं आणि केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधून त्याची उचल सुरू झाली. आज तो धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे. 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला नाव दिलं ते 'सह्याद्रिया'. डोंगराचं नाव मिळालं, पण तोवर ओढ्यातले मासे कमी झाले होते.

आणि उलट्या दिशेची गोष्ट उजनीत घडली. 'टाकी साफ करतो' म्हणून घेतलेला बोटाएवढा सकर फूटभर वाढतो, पेटीत मावत नाही. मारवत नाही म्हणून लोक त्याला तळ्यात, नदीत सोडून देतात. आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला बाजारात कुणी विचारत नाही. दुकानातल्या त्या एका वाक्याची किंमत भिगवणच्या होडीवाल्यानं मोजायची, असा हा हिशोब.

मग वाढायचं काय?

इतिहासाचा उपयोग शेवटी ताटात दिसायला हवा.

घरी आणलेला कॅटफिश उपाशीच आहे असं धरून चाला. पहिले दोन-तीन आठवडे त्याला वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. तिथे त्याच्या तोंडचा घास पळवणारं कुणी नसतं आणि रोग असेल तर तोही कळतो. दिवसातून दोनदा, थोडं थोडं. रात्री दिवा बंद केल्यावर एक वाढप नक्की, कारण बरेचसे कॅटफिश अंधारात बाहेर पडतात आणि वरचे मासे तेव्हा झोपलेले असतात.

कोरिडोरसला बुडणाऱ्या गोळ्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा गोठवलेल्या लाल अळ्या किंवा आर्टेमिया. गटारात वाढलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे स्वस्त मिळतात, पण त्यांच्याबरोबर रोगही येतात. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. धारदार खडीनं मिशा झिजतात, आणि मिशा गेल्या की त्यांची चवही जाते. एकटादुकटा आणू नका, सहा तरी हवेत.

ओटोसिंक्लस नव्या पेटीत सोडूच नका. दोन-तीन महिने चाललेली, काचेवर शेवाळ धरलेली पेटी हवी. शिवाय एका बरणीत गोटे घालून ती खिडकीत उन्हाला ठेवा. गोट्यांवर हिरवा थर आला की एकेक गोटा पेटीत आणि आधीचा परत उन्हात. जोडीला उकडलेल्या दुधीची किंवा दोडक्याची चकती, सकाळी काढून टाकायची. पाठ नव्हे, पोट बघायचं. खालून पाहिल्यावर पोट किंचित फुगीर दिसलं तर तो जगणार.

आणि दुकानात 'यांना वेगळं खायला लागत नाही' असं कुणी म्हणालं, तर दोन प्रश्न विचारायचे : हा कुठून आलाय? आणि शेवटचं कधी जेवलाय?